चैत्रातला बर्फ आणि बंद काचा

हवेच्या लहरीपणाचे अप्रूप बेळगावच्या माणसाला नसावे. चैत्र-वैशाखात सकाळी अंग भाजणारे ऊन, दुपारी चारच्या सुमारास एकाएकी अंधारून येणे, टपोऱ्या थेंबांचा वळीव, क्वचित गारा आणि तासाभरात पुन्हा धुतल्यासारखे स्वच्छ आकाश, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला जाणाऱ्यास तर एकाच प्रवासात ऊन, धुके आणि पाऊस अशी तिन्ही रूपे भेटतात. तरीही हिमालयातील वसंताची लहर ही निराळ्या जातीची आहे, असे आता अनुभवान्ती म्हणावेसे वाटते. आपल्याकडे हवा बदलली म्हणजे फार तर कपडे भिजतात; तेथे हवा बदलली म्हणजे पायाखालचा रस्ताच बदलतो. सकाळी जो डांबरी मार्ग होता, तो दुपारी पांढरा आणि संध्याकाळी काचेसारखा होतो.

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन लिहावे, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. स्थळदर्शनाची यादी देण्याचा माझा विचार नाही. ती कामगिरी प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके अधिक उत्तम रीतीने करतात. परंतु २०२३ च्या एप्रिलमध्ये कुलू आणि लाहौल या दोन खोऱ्यांतून आम्ही उभयता स्वतः मोटार चालवीत हिंडलो, तेव्हा हवा, रस्ता आणि मानवी शरीर यांचे जे नाते दिसले, ते आपणां समव्यवसायी मंडळींपुढे मांडावे असे मनात होते. त्यातही एका बंद मोटारीत जे पाहिले, ते तर मांडलेच पाहिजे.

आमचे चिरंजीव त्या वेळी चंडीगडला पदव्युत्तर शिक्षण घेत होते. त्यांची मोटार घेऊन आम्ही निघालो. मी भूलतज्ज्ञ, सौ. बालरोगतज्ज्ञ. दोघांचीही साठी उलटलेली, परंतु घाटात मोटार चालविण्याची हौस अद्याप न उलटलेली. निघताना चिरंजीवांनी गाडीच्या डिकीत एक फावडे, दोन घोंगड्या आणि मास्कसह ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर हट्टाने ठेवला. बापाने मुलाला बजावण्याचे दिवस संपून मुलाने बापाला बजावण्याचे दिवस सुरू झाले की प्रवासाचे सामान वाढते, एवढेच तेव्हा मनात आले.

चंडीगडहून रोपड, कीरतपूर, बिलासपूर, सुंदरनगर, मंडी असा मार्ग. मंडीच्या पुढे पंडोहचे धरण लागते आणि तेथून बियास नदी रस्त्याची पाठ सोडत नाही. औटचा जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा बोगदा ओलांडला की कुलूचे खोरे उघडते. चंडीगडला पस्तिशीच्या घरातला पारा, मंडीला सुखद वारा, कुलूला स्वेटर आणि मनालीला पोहोचेपर्यंत काचेवर थंडगार पावसाची झोड, अशी ऋतूंची उतरण एका दिवसात पाहावयास मिळाली.

याचे कारण आकाशात बरेच दूर असते. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडीत हिमालयावर येऊन आदळतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. थंडीत त्यांची वर्दळ अधिक. एप्रिलमध्ये ती कमी होते खरी, परंतु तोवर खालची जमीन तापलेली असते. मग वरची गार हवा आणि खालची उष्ण हवा यांच्या झटापटीतून गडगडाट, गारा आणि वादळी वारे उद्भवतात. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत असे विक्षोभ एकामागून एक येत राहिले आणि उत्तर भारताचा उन्हाळा पुष्कळसा गारच गेला.

दुसरी गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. दर हजार मीटर चढले की तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तर अटल बोगद्याचे दक्षिण मुख ३,०६० मीटरवर. या दोहोंत अंतर अवघे २५ किलोमीटर. म्हणजे मनालीच्या बाजारात सहा-सात अंशांवर पाऊस पडत असेल, तर तासाभराच्या वाटेवर तोच पाऊस बर्फ होऊन पडत असणार. मनालीत छत्री उघडणाऱ्याने वर जाताना फावड्याची आठवण ठेवावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

मनालीत आम्ही दोन रात्री मुक्काम केला. केवळ बाजारहाटासाठी नव्हे. साधारण २,५०० मीटरच्या वर झोपावयास गेले की उंचीचा त्रास डोके वर काढतो, हे आपण सर्व जाणतोच. या विषयातील काही पायाभूत निरीक्षणे आपल्याच लष्करी डॉक्टरांची आहेत, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास मैदानी मुलखातील जवानांना तातडीने उंचावर न्यावे लागले आणि फुप्फुसांत पाणी भरून अनेक धडधाकट तरुण आजारी पडले. त्या अनुभवातून डॉ. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला जो निबंध १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही या विषयातील अभिजात निबंधांत गणला जातो. पूर्वी लाहौलला जाणाऱ्यास ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. वाट अशी खडतर आणि वेळखाऊ की शरीराला दम घेण्यास थोडी सवड मिळे. आता सकाळी चंडीगड सोडलेला मनुष्य रात्री ३,००० मीटरवर पांघरूण घेऊन झोपू शकतो. रस्ता सुधारला, फुप्फुसे होती तेवढीच आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले. मनालीच्या खालच्या अंगाच्या बागांत सफरचंदाचा बहर ओसरत आला होता, वरच्या बागा मात्र पांढऱ्या-गुलाबी फुलांनी डवरलेल्या होत्या. पुष्कळ बागांवर गारांपासून रक्षणासाठी पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या होत्या. लांबून पाहता झाडांना मच्छरदाणी लावल्यासारखे दिसे. सोलंगच्या पुढे पोलिसांची चौकी आहे. बर्फ असेल त्या दिवशी चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्यांनाच तेथून वर सोडतात. त्या दिवशी आकाश निळे होते. हात हलवून आम्हाला पुढे जाण्याची अनुज्ञा मिळाली.

अटल बोगद्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचा निर्णय २००० साली झाला, मुख्य कामाची कोनशिला २०१० मध्ये बसली आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. मध्ये सेरी नाल्याखालचा ५८७ मीटरचा भंगलेल्या खडकाचा पट्टा लागला. तेथे पाण्याच्या लोंढ्यांनी अभियंत्यांची वर्षानुवर्षे परीक्षा पाहिली. मनाली ते केलाँग हे अंतर या बोगद्याने ४६ किलोमीटरने घटविले. पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट अशी की, हिवाळ्याचे सहा महिने जगापासून तुटणारे लाहौल आता बहुतेक काळ जोडलेले राहते. अडलेल्या बाळंतिणीस किंवा छातीत कळ आलेल्या वृद्धास पूर्वी हेलिकॉप्टरची आणि हेलिकॉप्टरला स्वच्छ आकाशाची वाट पाहावी लागे. आज रुग्णवाहिका बोगद्यातून खाली येते. रुग्णालयातील सोयींविषयी आपण पुष्कळ बोलतो. रुग्णालयापर्यंतचा रस्ता हीही एक वैद्यकीय सोय आहे, हे त्या खोऱ्यात गेल्यावर पटते.

बोगद्यात दर १५० मीटरवर संकटकाळचा दूरध्वनी, दर ६० मीटरवर आग विझविण्याची नळजोडणी आणि दर किलोमीटरवर हवेची शुद्धता मोजणारी यंत्रणा आहे. हा शेवटचा तपशील वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा.

बोगद्याच्या उत्तर मुखातून बाहेर पडलो आणि डोळे दिपले. दक्षिणेकडे देवदारांची हिरवी दाटी, तर येथे झाडांचे नाव नाही. दोन्ही बाजूंस शुभ्र उतार आणि मधून चंद्रा नदीची निळसर रेघ. सौभाग्यवतींनी काळे चष्मे काढून ठेवलेलेच होते. ताज्या बर्फावरून परावर्तित होणारी अतिनील किरणे काही तासांत बुबुळ पोळून काढतात आणि त्याची वेदना रात्री सुरू होते, हे त्या डोळे मिचकावीत छायाचित्रे काढणाऱ्या प्रवाशांना सांगत फिरल्या. किती जणांनी ऐकले, देव जाणे.

सिस्सू, गोंधला मागे टाकून तांदीला थांबलो. येथे पूर्वेकडून येणारी चंद्रा आणि उत्तरेकडून येणारी भागा यांचा संगम आहे. दोघींचा उगम बारालाचा खिंडीच्या परिसरातला. दोन दिशांना घर सोडून गेलेल्या बहिणींनी पुन्हा भेटावे तशा त्या येथे भेटतात आणि चंद्रभागा होऊन पुढे चिनाब या नावाने जातात. पंढरपूरला भीमेने चंद्रकोरीसारखे वळण घेतले म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. इतक्या दूरच्या, ओळखीचे एकही झाड नसलेल्या मुलखात ते नाव कानी पडताच आमचे हात आपोआप जोडले गेले. लाहौली लोकही हा संगम पवित्र मानतात. तांदीचा पेट्रोल पंप त्याच्या पाटीमुळे प्रसिद्ध होता. लेहच्या वाटेवर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची ती सूचना वाहनचालक वर्षानुवर्षे आदराने वाचत आले.

मुक्काम केलाँगला. रात्री खिडकीतून चांदण्या दिसत होत्या. पहाटे पाचला जाग आली ती शांततेमुळे. नदीचा आवाजसुद्धा कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवावा तशी शांतता. पडदा सारला, तर मोटारीच्या टपावर वीतभर बर्फ.

हॉटेलच्या लाहौली मालकांनी आकाश न्याहाळून सांगितले, की आज दुपारपूर्वी निघालात तर उतराल, उद्याचा भरवसा नाही. आठ वाजता रस्ता साफ करणारे यंत्र खाली गेल्याचे कळले आणि आम्ही त्याच्या मागोमाग निघालो. मनाली सुमारे ७० किलोमीटर. एरव्ही अडीच तासांची वाट.

बर्फावर मोटार चालविणे म्हणजे भूल देण्यासारखे आहे, असे मला वाटून गेले. कोणतीही क्रिया झटक्याने करावयाची नाही. ब्रेकवर पाय दाबला की चाके थांबतात, गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्याच जोरावर गाडी आवरावी, ही चोर्ल्याच्या उतारावर गिरविलेली बाराखडी येथेही कामी येते. फक्त येथे चूक दुरुस्त करण्यास वाव फार थोडा. डोळ्यांना दिसणाऱ्या पांढऱ्या बर्फापेक्षा न दिसणारा बर्फ अधिक घातक. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर गोठून पातळ पारदर्शक पापुद्रा बनते. डोंगराच्या सावलीतील वळणावर तो दुपारपर्यंत टिकतो आणि पाहणाऱ्यास वाटते, की रस्ता नुसता ओला आहे. सावली आली की गती कमी करावी, एवढा एकच नियम मी त्या दिवशी मनाशी घोकत होतो.

बोगद्याच्या उत्तर मुखाच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर रांग लागली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. वर बर्फ पडतच होता. संथ, मोठमोठ्या पाकळ्यांचा, दिसावयास अतिशय सुंदर. आम्ही इंजिन बंद केले, घोंगड्या पांघरल्या आणि थर्मासमधील चहा काढला. आजूबाजूच्या बहुतेक गाड्यांची इंजिने सुरू होती. आत हीटर लावून, काचा वर करून मंडळी बसली होती.

तासाभराने एका गृहस्थांनी आमच्या काचेवर टकटक केले. मोटारीवरील वैद्यकीय चिन्ह त्यांनी पाहिले होते. वय चाळिशीचे, चेहरा उतरलेला. उलटी थांबण्याची गोळी आहे का, असे त्यांनी हिंदीत विचारले. पत्नीचे डोके फार दुखते, आईला मळमळते, मुलाला दोनदा ओकारी झाली, आपलेही डोके जड आहे. उंची लागली असावी. मग धीर देण्याच्या स्वरात म्हणाले, "वैसे ऑक्सिजन ठीक है, डॉक्टरसाहब. अभी देखा, मुन्ने का चौरानवे है." करोनानंतर आपल्या देशात कुंकवाच्या करंड्याइतकेच पल्स ऑक्सिमीटर घरोघरी झाले आहे.

गोळी देऊन मी त्यांना वाटेला लावू शकलो असतो. लक्षणे उंचीच्या त्रासाला तंतोतंत जुळत होती. वळणावळणाच्या रस्त्याने लागलेल्या गाडीलाही जुळत होती. परंतु दोन गोष्टी मनाला टोचल्या. एकाच मोटारीतील चौघांची डोकी एकाच तासात दुखावीत, हे कसे? उंचीचा त्रास व्यक्तिपरत्वे होतो, मोटारीपरत्वे होत नाही. आणि दुसरे, हे गृहस्थ बोलता बोलता सांगून गेले, की काचेवरचा बर्फ काढावयास मघाशी बाहेर उतरलो तेव्हा थोडे बरे वाटले. मी नकळत आमच्या पिशवीतील ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावला. ९१. मी ठणठणीत होतो आणि माझा आकडा आजारी मुलापेक्षा कमी होता.

आम्ही दोघे खाली उतरलो. त्यांची मोटार रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात पाठ खुपसून उभी होती आणि सायलेन्सरची नळी बर्फात पूर्ण गाडली गेली होती. दार उघडताच आतली ऊबदार, कोंदट हवा अंगावर आली. पाच-सहा वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर डोके ठेवून पडला होता. त्याचे आई-वडील म्हणाले, थकून झोपला आहे. सौभाग्यवतींनी त्याची पापणी उचलली, हाक मारली, गालावर चापट दिली आणि मराठीत मला म्हणाल्या, "अहो, हे मूल झोपलेलं नाही. गुंगीत आहे."

इंजिन बंद केले. चारही दारे सताड उघडली. गारठ्यात आजीबाईंना बाहेर काढण्यास चिरंजीव तयार होईनात; थंडी त्यांना शत्रू वाटत होती आणि ऊब मित्र. त्या क्षणी चार शब्द कठोरपणे बोलावे लागले. मूल आणि आजी यांना आमच्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, काच बोटभर उघडी ठेवून, घोंगड्यांत गुंडाळून बसविले. ऑक्सिजनचा सिलिंडर काढला आणि मास्क प्रथम मुलाच्या तोंडावर बांधला. पाच लिटरच्या प्रवाहाने तो जेमतेम पाऊण तास पुरणार, हे गणित आम्हाला ठाऊक होते. मनालीच्या बाजारात ऑक्सिजनचे पत्र्याचे डबे मिळतात, शेजारच्या गाड्यांतून तसे तीन-चार गोळा झाले. त्यांतला प्राणवायू काही मिनिटांचा. पण ती माणसे धावून आली, हे लिहून ठेवले पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांनी मुलाने डोळे उघडले आणि मास्क ओढून काढण्याचा प्रयत्न केला. मास्कविरुद्ध हातपाय झाडणारे मूल पाहून इतका आनंद मला शस्त्रक्रियागृहात कधी झाला नव्हता.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन आणि स्वभावाने कपटी. हिमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक. नेहमीचे ऑक्सिमीटर प्रकाशाच्या दोनच लहरी वापरते. त्यामुळे कार्बोक्सिहिमोग्लोबिनलाही ते जवळपास ऑक्सिजनयुक्त रक्तच समजते. ज्याचे रक्त विषाने भरत चालले आहे त्याच्या बोटावर ते समाधानकारक आकडा दाखवीत राहते. ३,००० मीटरवर निरोगी माणसाचा आकडाच नव्वदीच्या आसपास असतो, हे ध्यानी घेतले तर रुग्णाचा चांगला आकडा हा दिलासा नव्हे. पाठ्यपुस्तकांतील तो प्रसिद्ध लालबुंद वर्ण जिवंत रुग्णात क्वचितच दिसतो. त्या चौघांतही तो नव्हता. मुलांचा श्वसनाचा वेग अधिक, म्हणून विषबाधा त्यांना आधी. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात शेकडो मोटारी अडकल्या आणि एका रात्रीत किमान २२ प्रवासी मोटारींतच मरण पावले. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडही त्यास कारण झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. तेही बर्फ पाहावयासच आलेले होते.

हे सारे दूरच्या डोंगरांतले म्हणून आपण सोडून देऊ नये. आपल्या बेळगावच्या थंडीत बंद न्हाणीघरातला गॅस गिझर काय करतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आंघोळीला गेलेली तरुण मुलगी बाहेर आली नाही, दार फोडले, फीट आली असावी म्हणून मेंदूचा स्कॅन झाला आणि गिझरविषयी कोणी विचारलेच नाही. खेड्यापाड्यांत बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. माय-लेकरू 'मलूल' आहे म्हणून आपल्याकडे आणतात तेव्हा शेगडीची चौकशी आपण करतो का? निदान करणारे उपकरण फार थोड्या ठिकाणी आहे. प्रश्न मात्र फुकट आहे. घरात आणखी कोणाचे डोके दुखते, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते का, हे दोन.

बोगद्यात दर किलोमीटरवर हवा तपासणारी यंत्रे बसविली आहेत, हे वर सांगितले. त्याच बोगद्याच्या दारात, उघड्या आकाशाखाली, चार माणसे हवेवाचून गुदमरत होती, ही विसंगती माझ्या मनातून अजून जात नाही.

सीमा सडक संघटनेच्या यंत्राने दोन तासांत ट्रक बाजूला सारला. पोलिसांनी त्या कुटुंबाची आणि आमची गाडी प्रथम सोडली. खालच्या रुग्णालयात तरुण ड्यूटी डॉक्टरांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून चौघांनाही ऑक्सिजनवर ठेवले आणि आजींचा ईसीजी काढला, हे मला विशेष आवडले; कारण अशा वेळी वृद्धांच्या हृदयाकडे दुर्लक्ष होते. रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजण्याची सोय तेथे नव्हती. तेव्हा आमचे निदान परिस्थितीजन्य पुराव्यावर आहे, हे मी येथे नमूद करतो. आकड्याने ते सिद्ध झालेले नाही. पुढे काही आठवड्यांत विस्मरण, चालण्यात अडखळणे असे काही जाणवल्यास मज्जारोगतज्ज्ञांना दाखवावे, असे त्यांना बजावून ठेवले. महिन्याने त्या गृहस्थांचा फोन आला. मुलगा शाळेत जात होता. आजींना मध्यंतरी पंधरा दिवस देवघरातले क्रम आठवेनासे झाले होते, आता पुष्कळ सावरल्या आहेत, असे म्हणाले.

मनालीहून उतरताना दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन होते. वाटेत एका बागेजवळ थांबलो. वर लाहौलात जेव्हा बर्फ पडत होता, तेव्हा येथे गारा पडल्या होत्या. जाळी नसलेल्या झाडांखाली पाकळ्यांचा आणि चिरडलेल्या कोवळ्या फुलांचा खच होता. वृद्ध बागायतदार एकेक फांदी हातात घेऊन, किती घोस शाबूत आहेत ते मोजीत होते. आम्ही त्यांना आमच्याकडच्या आंब्याच्या मोहोराची आणि वळवाची गोष्ट सांगितली. ती त्यांना भाषेच्या अडचणीशिवाय समजली. जाळ्या का घातल्या नाहीत, असे सौभाग्यवतींनी विचारले. अर्ध्या बागेवर घातल्या आहेत, उरलेल्या अर्ध्यासाठी पुढच्या वर्षी पाहू, असे ते म्हणाले. निघताना त्यांनी आमचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला. सफरचंदे पाठवीन म्हणाले.

त्याच वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बियासला महापूर आला. आम्ही ज्या रस्त्याने उतरलो होतो, त्याचे तुकडेच्या तुकडे नदीने नेले. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहताना ओळखीची वळणे शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला, ती सापडली नाहीत. बागायतदारांशी फोन लागला तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. बाग शाबूत होती, जाळीखालच्या झाडांना फळही चांगले धरले होते. ते बाजारात न्यावयास रस्ता नव्हता.